धावड्याच्या डिंकामागे

एप्रिल महिन्यात वऱ्हाडात जाऊ नये, असं मला सगळ्यांनी सांगितलं. आईनं सांगितलं, शेजारच्या काकूंनी सांगितलं, आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या माहेरच्या अकोलेकर असलेल्या बाईंनी तर हात जोडून सांगितलं. जा म्हणणारे एकटे आमचे सर, आणि तेही पंख्याखाली बसून. धावड्याचा डिंक उन्हाळ्यातच सुटतो, झाडाला आपल्या सोयी कळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सरांना कळत असतील तर त्यांनी तसं कधी दाखवलेलं नाही.

काम काय ते आधीच सांगून टाकते. प्रवासात हा प्रश्न मला बसमध्ये, फलाटावर, विहिरीवर, एकदा तर न्हाणीघराच्या दाराबाहेरून विचारला गेला, आणि उत्तर ऐकून प्रत्येकानं तेच म्हटलं, "म्हंजे डिंकाचं औषध." नाही. डिंकाचं औषध नाही. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यात पेशींची बारीक बेटं असतात आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन ती बेटं तयार करतात. ज्यांची बेटं मरतात त्यांना जन्मभर रोज सुई टोचून घ्यावी लागते. मग दुसऱ्या जिवाची बेटं काढून या माणसाच्या पोटात का सोडू नयेत? सोडता येतात, पण शरीर परक्याला ओळखतं आणि मारून टाकतं. आमच्या सरांचा बेत असा की त्या बेटांना पातळ वेष्टनात गुंडाळायचं. मच्छरदाणीतून वारा येतो, डास येत नाही. तसं वेष्टनातून साखर आत जावी, इन्सुलिन बाहेर यावं, आणि मारेकरी पेशी मात्र बाहेरच अडाव्यात. सध्या हे सगळं पांढऱ्या उंदरांवर चाललं आहे आणि उंदीर मरताहेत.

वेष्टनासाठी परदेशी माल मागवला तर तो परवान्यात अडकतो. म्हणून सरांनी डिंक धरला. पण पुण्याच्या बाजारातल्या डिंकात बाभळीचा डिंक, साल, वाळू आणि काय काय असतं ते देवाला ठाऊक. त्यात घातलेली बेटं दुसऱ्या दिवसाचा उजेड बघत नाहीत. तेव्हा झाडावरून थेट उतरवलेला, सावलीत वाळलेला, हात न लागलेला आणि मुख्य म्हणजे आच न लागलेला डिंक हवा, आणि तो आणायला मी.

मी का, तर अकराव्या वर्षापासून मी स्वतः त्या सुईवर जगते. काचेची सिरिंज, स्पिरिटचा दिवा, लघवी तपासायचं निळं औषध आणि इन्सुलिनच्या बाटल्या असा माझा संसार माझ्याबरोबर फिरतो. सुई घेतली की वेळेवर जेवायला लागतं, नाहीतर घाम फुटून माणूस आडवा होतो. अशा माणसाला एस.टी.च्या भरवशावर पाठवू नये, हे सरांना सुचलं नाही. डिंक आला, तो आता आमच्या फ्रीजमध्ये आहे, उंदरांचं काय होईल ते सर बघतील. मी वाटेतलं सांगते.

मानोरा

वाशीमला छोट्या आगगाडीतून उतरले तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं आणि मानोऱ्याला पोचेपर्यंत त्यावर भाकरी भाजता आली असती. इन्सुलिनच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून एका मातीच्या बुडकुल्यात ठेवल्या होत्या. ते बुडकुलं मांडीवर धरून बसलेली एकटी बाई बघून अख्ख्या बसला तहान लागली. "पानी हाये काय बाई त्याच्यात?" नाही. "मंग दही?" नाही. औषध आहे म्हटलं तर शेजारची आजी म्हणाली, "औषध अशा मडक्यात? कोन्या देवाचं?" पुढे तिनं मालक कुठे, लेकरं किती, आणि एकटी काहून फिरून राह्यली, हे ओळीनं विचारलं. आमच्या साताऱ्याकडे हेच सगळं विचारतात, पण तुमच्या पाठीमागे. इथे तोंडावर विचारतात आणि उत्तर आवडलं नाही तर तेही तोंडावर सांगतात. तिला माझं एकही उत्तर आवडलं नाही.

मानोऱ्याच्या आसपास टेकड्यांच्या अंगानं बंजाऱ्यांचे तांडे आहेत. मला तिथे घेऊन जायला वानखडे गुरुजी आले. तांड्यावरच्या शाळेत शिकवतात, अंगावर पांढराशुभ्र सदरा, हातात छत्री. भेटल्याबरोबर "जय भीम" म्हणाले आणि छत्री माझ्या हातात दिली. या प्रवासात मला मिळालेली ही पहिली उपयोगी वस्तू. चढ चढता चढता त्यांनी माझ्याकडून बेटांची सगळी हकीकत काढून घेतली, आणि डिंकाचं औषध असं एकदाही म्हणाले नाहीत. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

अर्धा तांडा कामाला बाहेरगावी गेलेला होता. राहिलेल्यांत हेमलीबाई नावाची एक साठीची बाई डिंक गोळा करणारी. दंडभर पांढऱ्या बांगड्यांची बलोती, घागऱ्यावर आरसे, आणि आवाज असा की टेकडीपलीकडची शेळीही मान वर करील. तिनं पहाटेच जाऊन ताजा डिंक काढून आणला होता. पळसाच्या पानावर ठेवलेले ते फिकट पिवळे खडे बघून माझा जीव थोडा थंड झाला. मी गुरुजींमार्फत सांगितलं की याला उन्हात ठेवू नका. मग स्वतः सांगितलं की याला आच लावू नका. मग खुणा करूनही सांगितलं. हेमलीबाई प्रत्येक वेळी "हाव, हाव" म्हणाली.

झाडं बघून आम्ही परतलो तेव्हा खोपटातून तुपाचा वास येत होता. हेमलीबाईनं सगळा डिंक तळला होता. फुलून पांढऱ्या लाह्या झाल्या होत्या आणि वर ती गूळ किसत होती.

"हे काय केलंत?" मी म्हणाले.

"अवो बाई, कच्चा डिंक कोनी पाव्हन्याले देते काय? पोटात गोया होते. बाळंतिनीलेबी असाच देतो आमी. खा. हाडं पाहा तुमची, मोजून घ्या."

"पण मी आच लावू नका म्हणून सांगितलं होतं."

"आच कुठी लावली? तुपात टाकला."

गुरुजींनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मला गूळ चालत नाही, हे मी सांगितलं, तर हेमलीबाईनं गुळाशिवायची एक वाटी काढली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. खाल्ला मी डिंक. तीनशे मैल लांबून ज्याच्यासाठी आले तो तिथल्या तिथे चावून खाल्ला. चांगला लागला, हेही चीड आणणारंच होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डिंक काढायला जा म्हणाले तर ती म्हणाली की उद्या बाजार, परवा लग्न, आणि तेरवाचं कोन सांगावं.

रिसोड

रिसोडच्या बाजारात ज्वारीच्या थप्प्या, तुरीचे ढीग, आणि एका बाजूला डिंक, बिब्बे, हिरडे, मोहाची फुलं विकणाऱ्यांची रांग आहे. मी पहिल्या दुकानदाराला म्हणाले, हात न लावलेला डिंक हवा. त्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत पोत्यात घातले आणि ओंजळभर वर काढून म्हणाला, "हा पाहा, कोनी हात नाई लावला." दुसऱ्यानं शुद्धता पटवायला एक खडा स्वतः चाटून दाखवला आणि पुन्हा पोत्यात टाकला. तिसऱ्यानं मला विचारलं की चिकटवायला पाहिजे की खायला. पोटात घालायला, पण खायला नाही, असं मी म्हणाले. त्यानं शेजाऱ्याला हाक मारून मला दाखवलं.

तोवर दीड वाजला होता. सकाळी सुई घेऊन मी फक्त एक भाकरी आणि ठेचा खाल्ला होता. हात थरथरायला लागले तेव्हा एका हॉटेलात शिरले. भजी होईपर्यंत थांबा म्हणाले. भजी होईपर्यंत थांबले असते तर ही हकीकत लिहायला मी उरले नसते. टेबलावरच्या बरणीतली साखर मूठभर खाल्ली. हॉटेलवाल्यानं बरणी उचलून आत ठेवली.

रिसोडात सगळ्यांनी एकच सांगितलं. चांगला डिंक पाहिजे तर शिरपूरच्या नेमासावजीकडे जा. सावजी म्हणजे तिकडचे जैन व्यापारी. या नेमासावजींना सरांनी महिन्यापूर्वीच पत्र टाकलं होतं की मधुमेहावरच्या संशोधनासाठी डिंक हवा आहे. त्यांचं उत्तर आलं होतं की या, पाहिजे तेवढा न्या, एक पैसा घेणार नाही. फुकट म्हणतो तो व्यापारी कसला, असं सरांचं मत पडलं, म्हणून आधी तांडा, मग बाजार, आणि सगळ्यात शेवटी शिरपूर. सरांच्या व्यवहारज्ञानापायी माझे चार दिवस आणि पायातली एक चप्पल गेली.

शिरपूर

शिरपूरला जुनं जैन मंदिर आहे, त्यामुळे यात्रेकरूंची सवय असलेलं गाव. बुडकुलं मांडीवर घेऊन आलेल्या बाईकडे इथे कुणी बघितलं नाही, एवढ्यानंच मी खूश झाले. सावजींचं घर मंदिरापासून जवळच. दारात सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. उंच, ताठ, पण सदरा खांद्यावरून असा लोंबत होता की तो दुसऱ्याच कुणासाठी शिवला असावा. हेच नेमासावजी. त्यांची विधवा सून मालतीवहिनी आणि तेरा वर्षांची नात पद्मा, एवढंच घर.

पाणी गाळून आलं, तेही दुपदरी फडक्यातून. मग सावजींनी डिंकाची खोली दाखवली. अंधारी, थंड, जमिनीवर पांढरं मलमल अंथरलेलं आणि त्यावर डिंकाचे खडे सुटे सुटे मांडलेले. ते पितळी चिमट्यानं एकेक खडा उचलून कवडशात धरून बघत होते.

"हात का लावत नाही?" मी विचारलं.

"डिंकाले मुंगी चिकटते बाई. हातानं चेपून मरते. चिमट्यानं सोडवली का जाते बिचारी."

चार दिवस मी ज्यासाठी घसा फोडत होते ते या माणसानं मुंगीसाठी केलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. किती घ्यायचा, काय भाव, असं मी विचारलं तर त्यांनी कानाला हात लावला. "औषधाचे पैसे कोन घेते?"

"सावजी, डिंकाचं औषध नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले होते की ते आपलं आपणच तोंडातून पडायचं.

ते हसले. आतून एक काचेची नळी घेऊन आले. आत निळंशार पाणी. मला ती नळी ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. लघवीत साखर नसली की औषध उकळूनही निळंच राहतं. थोडी असली की हिरवं होतं, मग पिवळं, आणि फार असली की विटेसारखं लाल.

"माह्या पद्मीची हाये," ते म्हणाले. "दोन वर्सं झाले, सुई चालू हाये तिची. तुमच्या सरांचं पत्र आलं तवापासून मी तिले सकाळी डिंकाचं पानी देऊन राह्यलो. म्हनलं, एवढे शिकलेले लोक मागून राह्यले तं काही असनच. अन् पाहा बाई, नळी निळी. एक दिवसाआड निळी येते. त्या दिवशी सुई नाई देत आमी. आता तं लागोपाठ, काल निळी, आजबी निळी. काहून नाई म्हनता औषध?"

माझी बेटं मेली त्याला वीस वर्षं झाली. मेलेली बेटं डिंकाचं पाणी पिऊन उठत नाहीत. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या पिशवीतल्या सिरिंजच्या डबीवर गेली.

"तुमीबी?"

"हो."

"मंग तुमच्यासाठी कोन उपाशी राह्यते?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कुणी नाही, कशाला राहायचं, असं मी म्हणाले. तेव्हा त्यांनी सांगितलं, अगदी सहज, पीकपाणी सांगावं तसं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सुई लिहून दिली तेव्हा यांनी विचारलं की हे बनतं कशाचं. बैलाच्या आणि डुकराच्या ग्रंथीपासून, असं डॉक्टर म्हणाले. सावजी घरी येऊन बसून राहिले. पोरीला मरू देणं हीही हिंसाच, म्हणून सुई द्यायची ठरली. पण ज्या दिवशी सुई, त्या दिवशी सावजींनी एकाशन करायचं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, असा त्यांनी मंदिरात नेम घेतला. सुई रोजची, तेव्हा नेमही रोजचा. दोन वर्षं.

"आता डिंकानं सुटते बाप्पा दोघायचंबी," ते म्हणाले. "झाडाचं औषध. कोनाचा जीव नाई, काई नाई."

मी फार वैतागलेली बाई आहे, पण खोटं बोलणारी नाही. मी त्यांना पुन्हा सगळं सांगितलं. डिंक ही नुसती मच्छरदाणी. आत जनावराच्या पेशी. आज उंदराच्या, पुढे कदाचित डुकराच्या. त्यांचा हात चिमट्यावर तसाच राहिला.

मग त्यांनी विचारलं, "एकदा टाकलं का मंग रोजची सुई सुटते?"

"सुटावी म्हणून तर चाललंय. अजून उंदराचीही सुटली नाही."

"सुटली तं पोरीले रोज कोनाचा जीव नाई लागनार."

"नाही लागणार."

"मंग डिंक न्या," ते म्हणाले. "पन नळी तं निळी हाये ना बाई. ते कसं काय?"

तेच मलाही कळत नव्हतं. खोलीच्या दारात पद्मा उभी होती आणि तांब्यानं पाणी पीत होती. मी आल्यापासून तिसरा तांब्या. दोन वेण्या, पण हाडं गालातून वर आलेली. मी तिच्याजवळ गेले, तर तिच्या श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास होता. हा वास मला माझ्या आईनं सांगितला आहे. अकराव्या वर्षी मला दवाखान्यात नेलं तेव्हा माझ्या तोंडाला तोच येत होता.

मी पद्माला परसात नेलं आणि म्हणाले, "नळी माझ्यासमोर कर."

"सकाऊन केली ना."

"आता कर."

ती खाली बघत उभी राहिली. मग मी माझी नळी, माझं औषध, माझा दिवा काढला. माझा चेहरा बघून तिला कळलं असावं की ही बाई टळणारी नाही. ती मोरीत जाऊन आली. औषध उकळलं आणि निळ्याचं बघता बघता विटकरी लाल झालं.

"आणि ती सकाळची निळी?"

"पानी टाकलं होतं."

"नुसतं पाणी?"

"हाव."

मी तिच्यावर ओरडले. खरं तर मी घाबरले होते, आणि घाबरले की मी ओरडते. म्हणाले की तुला कळतं का, अशानं माणूस झोपेतच जातो, तुझ्या आईनं काय करायचं मग? पद्मा रडली नाही. ती माझ्याकडे असं बघत होती, जसं काही सोपी गोष्ट मला कळत नाहीये.

"सुई घेतली का आबा संध्याकाळचं जेवत नाई," ती म्हणाली. "त्याईचा पट्टा आता शेवटच्या भोकातबी ढिला होते. परवा मंदिराच्या पायरीवर बसून गेले होते. नाई घेतली त्या दिवशी दोन भाकरी खाते. तुमी सांगू नका."

मी सांगितलं. ती माझा हात धरून मागे ओढत होती तरी मी सरळ सावजींसमोर जाऊन लाल नळी ठेवली. समजूत घालणाऱ्यांतली मी नाही. तुम्ही तिच्यासाठी उपाशी राहता आणि ती तुमच्यासाठी सुई चुकवते, दोघं मिळून तिला मारताय, असंच म्हणाले. उद्या पहिल्या गाडीनं वाशीमला डॉक्टरकडे न्यायचं, पण सुई आत्ता, या घटकेला. मालतीवहिनी चुलीपुढून उठून आल्या आणि भिंतीला टेकल्या. "मले वाटलं देवानं आयकलं," एवढंच म्हणाल्या.

सावजी नळीकडे बघत होते. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी तं तिच्यासाठीच करत होतो," ते म्हणाले.

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले. आणखी काय म्हणणार?

या घरात सूर्य मावळायच्या आत जेवतात. आमच्याकडे नऊ वाजल्याशिवाय कुणी पाट मांडत नाही आणि त्यापायी माझं आईशी वीस वर्षं भांडण चालू आहे, म्हणून दुपारी हे ऐकून मला किती बरं वाटलं होतं. आता तीच अडचण झाली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. सकाळी निळी नळी बघून आज सुई नाही असं ठरलेलं, त्यामुळे सावजींचं संध्याकाळचं ताट वाढलेलं होतं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, दोडक्याची भाजी. पद्मानं सुई घेतली तर त्यांनी ताटावरून उठायचं. ते उठले तर उद्या तिनं पुन्हा नळीत पाणी घालायचं. एवढं साधं गणित त्या घरात कुणाच्या तोंडून निघत नव्हतं.

वहिनींनी सिरिंज उकळून आणली. पद्मानं इन्सुलिन ओढलं, बुडबुडा काढला, मांडीवरचा परकर सरकवला आणि थांबली.

"आधी आबा," ती म्हणाली.

"आधी तू बेटा."

"नाई. तुमी उठसान."

दोघं एकमेकांकडे बघत बसले. भिंतीवरचं ऊन कौलांच्या कडेला गेलं होतं. मला इतका संताप आला होता की ताट उचलून सावजींच्या मांडीवर ठेवावं असं वाटलं. "सूर्य तुमच्या दोघांसाठी थांबायचा नाही," मी म्हणाले.

सावजींनी हात जोडले, मंदिराच्या दिशेला. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग डोळे उघडून माझ्याकडे न बघता, सुनेकडे न बघता, पद्माकडे बघून म्हणाले, "नेम मोडला तं मोडला. त्याचं जे व्हायचं ते माह्यं होईन. तुह्यं नाई." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो वरणात बुडवला. घास तोंडात गेला, आणि त्यांनी तो गिळेपर्यंत पद्मा त्यांच्या गळ्याकडे बघत होती. मग तिनं सुई टोचली.

वहिनी पदर तोंडाला लावून चुलीकडे गेल्या. मी माझी डबी उघडली, कारण माझीही वेळ झाली होती. सावजी मान खाली घालून जेवत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी वरणात पडत होतं, तरी हात थांबत नव्हता. एक भाकरी संपली तशी त्यांनी ताट पुढे सारायला हात लावला. पद्मानं सिरिंज खाली ठेवली, परकर सारखा केला, टोपलीतली भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्या ताटात टाकली.

"घ्या आबा," ती म्हणाली. "दिवस हाये अजून."